अगाथाचा खून, पाच वर्षांच्या आतला

कॅलम: …म्हणून पुन्हा एकदा विचारतो, आयव्हीबाई. नीट आठवून सांगा. गेल्या पाच वर्षांत या घरात कुणाचा खून झालाय?

आयव्ही: परत तेच! अरे, खून म्हणजे काय चष्मा आहे, कुठे ठेवलाय ते आठवून सांगायला? झाला असता तर लादी पुसायला मीच होते ना.

कॅलम: म्हणजे ‘नाही’ लिहू?

आयव्ही: लिही. ठळक लिही.

कॅलम: खून… नाही. बरं. आता मनुष्यवध.

आयव्ही: तो आणखी वेगळा असतो?

कॅलम: म्हणजे मारायचा इरादा नव्हता, पण माणूस मेला.

आयव्ही: आणि इरादा होता, पण माणूस मेला नाही, असा रकाना आहे का? आख्खा जन्म काढलाय मी नेव्हिलबरोबर.

कॅलम: तसा रकाना नाहीये.

आयव्ही: मग हा कायदा करणाऱ्यांची लग्नं झालेली नसणार. केक घे. असा सुतकी चेहरा करून घर विकायला निघालास तर कोण घेईल? पोस्टरवर किती छान हसलायस.

कॅलम: नेव्हिलकाका मात्र… इथेच गेले ना? म्हणजे, घरात?

आयव्ही: त्याच खुर्चीत. तू बसलायस ती.

कॅलम: अं… मी जरा उभाच राहतो.

आयव्ही: बस रे. चावत नाही ती. रेडिओवर क्रिकेट चाललं होतं. आपला शेवटचा गडी बाद झाला. नेव्हिल म्हणाला, ‘हे काय खेळणं झालं?’ आणि गेला. मी चहा घेऊन आले तर हा असा. मग दोन्ही कप मीच प्यायले, काय करणार? डॉक्टरला यायला तासभर होता.

कॅलम: तो नैसर्गिक मृत्यू. तो सांगावा लागत नाही.

आयव्ही: नेव्हिलच्या बाबतीत नैसर्गिक असं तेवढंच होतं. पण सांगायला काय हरकत आहे? चांगला माणूस गेलाय, चांगल्या खुर्चीत.

कॅलम: बाई, मी हौस म्हणून छळत नाहीये तुम्हाला. कायदाच आहे इथला. पाच वर्षांच्या आत घरात खून झाला असेल, तर घेणाऱ्याला आधी सांगायचं. लपवलं तर दंड मला. आणि घरं विकायचं माझं लायसन्स अजून कोरं करकरीत आहे. परवाचा लिलाव हा माझा पहिला, ऑफिसातलं दुसरं कुणी बरोबर नसताना.

आयव्ही: ते माहीत आहे मला. म्हणून तर तुला काम दिलं. चर्चच्या नाटकात तू मेंढी झाला होतास, आणि सगळ्या मेंढ्यांत तूच तेवढा जागेवर उभा राहिलास.

कॅलम: व्हेलाबाईंचा मेल आलाय.

आयव्ही: क्वीनबियनची ती? जिने परसातलं लोकॅटचं झाड बघून ‘अरे वा’ म्हटलं ती?

कॅलम: तीच. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा घर बघायला आलेलं एकमेव गिऱ्हाईक. गेल्या शनिवारी इथे मुक्काम होता, वेळ जात नव्हता, म्हणून संध्याकाळी डॉटबाईंच्या भुतांच्या फेरीला गेल्या.

आयव्ही: अरे देवा.

कॅलम: वाचतो. ‘मी ज्या घरावर बोली लावणार आहे, त्या घराच्या स्वयंपाकघरात अँब्रोझ नावाच्या कसायाने अगाथा नावाच्या बायकोला चार वर्षांपूर्वी सुऱ्याने मारलं, असं मला भर रस्त्यात वीस माणसांसमोर कळतं. हे तुम्ही मला का सांगितलं नाही?’

आयव्ही: चार वर्षांपूर्वी? काहीतरीच काय! अगाथा अठराशे ब्याण्णवला मेली.

कॅलम: म्हणजे मेली?

आयव्ही: अरे मेली म्हणजे, मेली नाही. ती मेली असं आम्ही ठरवलं.

कॅलम: आम्ही म्हणजे कोण? थांबा, पेन चालत नाहीये. कोण कोण होतं ठरवताना?

आयव्ही: मी, डॉट आणि नेव्हिल. याच टेबलाशी. डॉटने तेव्हा फेरी नुकती काढली होती, पर्यटकांना भुताटकीच्या जागा दाखवत गावातून फिरवायचं. बँकेत गळफास, मग थेट दफनभूमीत पाद्री. पण बँकेपासून दफनभूमी केवढी लांब! मधे नुसता पब. एकदा बिचारी पाद्र्यापाशी पोचली आणि मागे वळून बघते तर तीनच माणसं. बाकीचे सगळे पबमध्ये. मग नेव्हिल म्हणाला, ‘पबच्या आधी एक बाई मारून टाक, म्हणजे लोक जरा दबून चालतील.’ आणि पबच्या आधी घर आमचंच.

कॅलम: म्हणजे लोकांनी दारू पिऊ नये म्हणून खून केला.

आयव्ही: तुझ्या कागदावर कसं बसतं ते तू बघ.

कॅलम: अजून एक आहे. ‘वरच्या मजल्याच्या खिडकीत मी स्वतःच्या डोळ्यांनी दिवा फिरताना पाहिला आणि मागे पांढरी आकृती होती.’

आयव्ही: ती मी.

कॅलम: तुम्ही?

आयव्ही: मग काय भूत? डॉट खालून तीनदा खोकते. मी दिवा घेऊन डावीकडून उजवीकडे जाते. अंगावर पडदा घेते. पडदे धुवायला काढले असतील तर चादर. गुडघे फारच धरले असतील त्या आठवड्यात अगाथा बसूनच असते, खिडकीत नुसता उजेड दिसतो. मागच्या थंडीत मला सर्दी झालेली, तर अगाथा शिंकली. त्या दिवशी टाळ्या पडल्या.

कॅलम: आयव्हीबाई, म्हणजे मालमत्तेतलं भूत हे… मालकीणच आहे.

आयव्ही: असं म्हटलंस की केवढं कायदेशीर वाटतं.

(मागच्या दाराने शेजारची डॉट येते. डोक्यावर फेरीची काळी हॅट, हातात लिंबांची टोपली.)

डॉट: हा पोस्टरवाला अजून इथेच? तुझा तो हसरा चेहरा माझ्या कुंपणावर कुणाला विचारून लावलास रे? मॅगपाय पक्षी रोज त्याच्यावर बसतात. आज नाकावर शिटून गेले. मी पुसणार नाही, आधीच सांगते.

आयव्ही: डॉट, अगाथा कधी मेली?

डॉट: कधी म्हणजे? सोयीने.

आयव्ही: चार वर्षांपूर्वी म्हणे.

डॉट: अच्छा, ते होय! अगं, आजकालची पोरं उभी राहतात आणि फोनमध्ये बघतात. ‘अठराशे ब्याण्णव साली’ म्हटलं की जांभया. एकदा जिभेवर आलं आणि बोलून गेले, ‘फार नाही, चार वर्षांपूर्वी.’ काय सांगू! सगळे फोन खाली. एका मुलीने तर आईचा हात धरला. इतका चांगला खून पुन्हा मागे कोण ढकलेल?

कॅलम: डॉटबाई, कायदा पाचच वर्षं मागचं विचारतो! तुम्ही सहा म्हटलं असतंत तरी मी सुटलो असतो.

डॉट: मला काय ठाऊक सरकारकडे खुनालासुद्धा मुदत असते? दुधासारखी? आधी सांगायचंस, दहा केली असती.

कॅलम: आता एकच उपाय आहे. मी पोलिसांकडे विचारून आलोय, तिथे काही नोंद नाही. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्यायच्या, की ही गोष्ट तुम्ही रचलेली आहे. आणि खाली सही.

डॉट: सही? मी?

कॅलम: दोनच ओळी.

डॉट: मी आणि अगाथा खोटी आहे म्हणून सही करू? तिला हातांवर वाढवलंय मी! आधी नुसतीच मेली होती. तिला लांब केस कुणी दिले? टोप्या विकणाऱ्यावर प्रेम करायला कुणी शिकवलं? आणि सही कुठवर पोचते माहितीये? अगाथा खोटी, मग बँकेतला गळफास खोटा, मग पाद्री खोटा. तुझ्या एका सहीत आख्खं गाव जिवंत होईल!

आयव्ही: होऊ दे की. थोडी गर्दी वाढेल.

डॉट: तू हस. तुला काय, तू चाललीस.

कॅलम: पण डॉटबाई, नाहीतर घर विकलं जाणार नाही!

डॉट: त्याला मी काय करू? आणि हे बघ, परवा लिलाववाला हातोडा उचलायच्या आधी विचारेल ना, ‘कुणाला काही शंका?’ आख्खं गाव घडीच्या खुर्च्या घेऊन अंगणात बसलेलं असणार. तेव्हा मी हात वर करीन. ‘अगाथाचं काय?’ म्हणून विचारीन. तिच्या वतीने बोलायला कुणीतरी नको?

आयव्ही: डॉट, मला घर विकायचंय गं.

डॉट: वीक की. मी कुठे अडवलंय? घर तुझं, अगाथा माझी.

कॅलम: शूः! तिचाच फोन. गप्प बसा दोघी. हॅलो, व्हेलाबाई!… हो, मेल वाचला. अगदी दोनदा वाचला. त्या खुनाबद्दल मी आधीच तुमची मनापासून… काय म्हणालात?… नाही नाही, ऐकू येतंय. कळत नाहीये… तुम्हाला हवाय?… खून?… हां… हां… किती खोल्या?… लेखी?… नाही, तसा आमच्याकडे… मी बघतो. मी जरा बघून लगेच फोन करतो.

आयव्ही: काय झालं? असा का पांढरा पडलास?

कॅलम: पाणी आहे का?

डॉट: घे लिंबू. चोख.

कॅलम: त्या रागावल्या आहेत, पण खून झाला म्हणून नाही. जाहिरातीत लिहिला नाही म्हणून! त्यांना इथे पाहुण्यांसाठी घर चालवायचंय. ‘भुताच्या घरात एक रात्र.’ पडद्यांचा रंगसुद्धा ठरवलाय. म्हणतात, खून झालेला आहे असं लेखी द्या, शनिवारी मी सगळ्यांच्या वर बोली लावते. खून नसेल तर स्टेशनजवळचं घर घेते, तिथे निदान अंगण मोठं आहे.

आयव्ही: घ्या!

कॅलम: झालेला खून नाही म्हटला तर माझं लायसन्स जातं. न झालेला खून झाला म्हटला तरी जातं. वर्गात आम्हाला घाबरणारी गिऱ्हाइकं शिकवली होती. असली नव्हती शिकवली.

आयव्ही: मग आता काय?

डॉट: कागद आण.

कॅलम: काय?

डॉट: कागद. पेन. कुठे करायची सही?

कॅलम: पण आत्ताच तर तुम्ही…

डॉट: आत्ता वेगळं, आता वेगळं. लिही. मी, डॉरथी मे पिल्बीम, शपथेवर सांगते की अगाथा नव्हती. कसाईही नव्हता. या घरात सुरासुद्धा धड नाही, आयव्ही ब्रेड हाताने तोडते. इथे कधी कुणी मेलं नाही, पुढेही मरायचा विचार नाही.

आयव्ही: नेव्हिल मेला.

डॉट: नेव्हिल झोपला असं लिही. आणि बँकेतही कुणी फास घेतला नाही. तो मॅनेजर निवृत्त होऊन क्वीन्सलंडला गेला, अजून नाताळला कार्ड पाठवतो. लिहितोयस ना?

कॅलम: बँक नको, बाई. घराचंच पुरे.

डॉट: नाही, सगळं लिही! माझा विवेक जागा झालाय.

आयव्ही: तुझा विवेक? जत्रेत दुकानातला केक स्वतःचा म्हणून ठेवलास आणि बक्षीस घेऊन आलीस, तेव्हा कुठे होता?

डॉट: तेव्हा क्रीम मी लावलं होतं.

आयव्ही: कॅलम, बाळा, पेन खाली ठेव जरा.

कॅलम: पण सही होतेय, बाई. होतेय तोवर…

आयव्ही: ठेव म्हटलं ना. डॉट, इकडे बघ. अगाथामुळे घर विकलं जात नव्हतं, तोवर अगाथा तुझ्या पोटची. आता तिच्यामुळे विकलं जाणार म्हटल्यावर ती नव्हतीच. हा हिशेब काय आहे?

डॉट: हिशेब तुझं खातं. लोकरीच्या गोदामात जमाखर्च तू लिहायचीस, मी नाही.

आयव्ही: म्हणून तर मला बेरीज कळते.

डॉट: लिंबं घे. सालं पातळ आहेत यंदा.

आयव्ही: डॉट.

डॉट: काय डॉट? बरं, मला नकोय तू जायला. झालं? काढलंस तोंडातून. आता हा पोरगा गावभर सांगेल.

कॅलम: मी नाही सांगणार.

डॉट: तू तर आत्ताच सांगत सुटल्यासारखा दिसतोयस.

आयव्ही: मग हे आधी का नाही बोललीस?

डॉट: तू विचारलंस? सकाळी उठते, बागेला पाणी घालायला बाहेर येते, तर तुझ्या दारात बोर्ड. ‘विकणे आहे.’ आणि शेजारी हा हसतोय. मला बोर्ड वाचून कळलं, आयव्ही. पर्यटकांना कळतं तसं.

आयव्ही: तुला आधी सांगितलं असतं, तर मी बोर्ड लावलाच नसता.

डॉट: मग?

आयव्ही: म्हणून नाही सांगितलं.

कॅलम: मी बाहेर थांबू का थोडा वेळ?

दोघी: बस तिथे!

आयव्ही: अगं, कोरल पडली ना न्हाणीघरात, तर दोन दिवस कुणाला कळलं नाही. दोन दिवस. माझी सख्खी बहीण, कियामामध्ये, समुद्रासमोर, आणि नळाचं पाणी हाताने ओढून पितेय. तिला इथे आण म्हणशील. आणली असती. पण हे जिने मलाच चढवत नाहीत. शनिवारचा दिवा घेऊन वर गेले की रविवारी दुपारपर्यंत वरच असते मी, तुला कुठे माहितीये?

डॉट: सांगायचं ना. मी खोकलेच नसते.

आयव्ही: तुझा खोकला ऐकू आला की पायच थांबत नाहीत. कॅलम, लिही. खून नाही. भूत नाही. खिडकीतला दिवा मालकीण स्वतः फिरवते. आणि हे त्या बाईला फोन करून आत्ता सांग.

कॅलम: बाई, एकदा विचार करा. ती गेली तर दुसरं कुणी नाहीये. मी खरं सांगतो, परवा अंगणात पन्नास माणसं येतील आणि बोली एकही लागणार नाही. सगळे चहा पिऊन जातील. कियामात कोरलबाईंच्या शेजारची खोली तुमच्यासाठी महिनाअखेरपर्यंतच अडवून ठेवलीय.

आयव्ही: ठाऊक आहे. पण खोट्या खुनावर घर विकून मला तिकडे झोप नाही लागायची. लाव फोन.

कॅलम: मला नाही जमणार. माझा आवाज आत्तापासूनच कापतोय.

डॉट: आण इकडे.

आयव्ही: डॉट, तू नको.

डॉट: अगाथा माझी ना? मग ती मेली, म्हणजे, नाही मेली, हे मीच सांगणार. दाब रे ते बटण. हॅलो! व्हेला ना? मी डॉट. शनिवारी काळी हॅट घालून होते ती… हो, तीच. आभार, आभार, सगळेच तसं म्हणतात. बसलीयस का तू? बस. मन घट्ट कर. खून झालेला नाही… नाही… अगं, नाही म्हणजे नाही. चार वर्षांपूर्वीही नाही आणि ब्याण्णवलाही नाही… दिवा? दिवा आयव्हीचा. ऐंशीला आलेली बाई, गुडघे गेलेत, अंगावर पडदा घेऊन फिरते… शिंक? तुला कुणी सांगितलं शिंकेचं?

आयव्ही: झालं. गेली ती.

डॉट: हो, खोटंच सगळं. आता खरं ऐकायचंय? तर ऐक. थंडी मी म्हणत होती. आम्ही तिघं या टेबलाशी. माझ्या फेरीतली माणसं पबने गिळलेली आणि मी इथे बसून रडतेय. तर नेव्हिल, हिचा नवरा, टोस्टला लोणी लावता लावता म्हणतो, ‘एक बाई मारू.’ मी म्हटलं, नाव काय ठेवायचं? तर हा सुरी वर धरून, हिच्याकडे चोरून बघत, माझ्या कानात म्हणतो, ‘अगाथा.’ सासूचं नाव होतं त्याच्या!

आयव्ही: काय? माझ्या आईचं? नेव्हिलने?

डॉट: ऐकलंस? तिला आत्ता कळतंय. पांढरी पडलीय नुसती… हसतेस काय? अगं पुढे ऐक. पहिल्या शनिवारी ही वर गेली, दिवा लावला आणि पडद्याला धग लागली. खिडकीत हा एवढा जाळ! खाली लोक टाळ्या वाजवतायत आणि वर ही ओरडतेय, ‘पाणी, पाणी!’ आणि नेव्हिल माझ्या शेजारी उभा राहून लोकांना सांगतोय, ‘शंभर वर्षं झाली, अजून तहानलेलीच आहे बिचारी…’ हो! हो, त्याने बादली न्यायच्या आधी ते वाक्य पुरं केलं! काय?… हो, मी आहेच की इथे, जातेय कुठे… दर शनिवारी… तुझ्या पाहुण्यांना? याच टेबलाशी बसून? म्हणजे खून न झाल्याची गोष्ट?… ती तर अजून लांब आहे, तुला पाव हिस्साच सांगितला… बरं… बरं. थांब, त्याला देते.

कॅलम: हॅलो?… हो… हो, टेबल ठेवू शकतील, विचारतो… नाही, भूत नाही असं मी लेखी देतो… हो, तेच लेखी हवंय? फ्रेम करून?… शनिवारी, हो. अकरा वाजता. नक्की.

आयव्ही: काय म्हणाली?

कॅलम: येतायत. म्हणाल्या, खुनाची घरं देशभर पडलीयत, खून न झालेलं असलं घर कुठे मिळणार? स्वयंपाकघरातलं टेबल आणि खुर्च्या घरासोबत मागतायत. आणि डॉटबाईंना दर शनिवारी पाहुण्यांना गोष्ट सांगायला बोलावतायत. मानधन देऊन! डॉटबाई, विकलंत की हो तुम्ही घर!

डॉट: विकलं नाहीये अजून. परवा हातोडा पडू दे. आणि ओरडू नकोस, केक दे.

आयव्ही: टेबल देईन. नेव्हिलची खुर्ची मी नेणार.

कॅलम: लिहितो. खुर्ची वगळून. आणि मग… ‘भूत विक्रीत समाविष्ट नाही, ते ताबा देण्यापूर्वी मालकिणीसोबत कियामाला जाईल.’ असं चालेल?

आयव्ही: चालेल. किती स्वच्छ वाटतं वाचायला. डॉट, कर सही.

डॉट: चष्मा नाही आणला. कुठे? इथे? बघ, कशी वळणदार आलीय. एवढी मोठी झाली अगाथा आणि शेवटी चार बोटं कागदात मावली.

कॅलम: मग मी पळतो. हे आजच टाइप करून त्यांना पाठवायला हवं. थँक यू, आयव्हीबाई. थँक यू, डॉटबाई. ते नाक… पोस्टरवरचं… मी पुसून जाईन.

डॉट: राहू दे. बरं दिसतंय.

आयव्ही: गेला. पोरगं गुणी आहे पण.

डॉट: मेंढीच आहे.

आयव्ही: तू असं का केलंस, डॉट? दोन वाक्यांत ‘खून नाही’ म्हणून फोन ठेवला असतास, तर ती स्टेशनकडे गेली असती. मी इथेच राहिले असते.

डॉट: तेच करणार होते. देवाशप्पथ. पण ती पलीकडे ऐकत होती गं, श्वास धरून. मला गोष्ट वाईट सांगताच येत नाही.

आयव्ही: खरं सांग.

डॉट: …दोन दिवस फार होतात, आयव्ही. न्हाणीघरात.

आयव्ही: हं.

डॉट: आणि आईचं नाव मनाला लावून घेऊ नकोस. मेल्यानंतर तरी लोकांनी तिचं नाव काढलं.

आयव्ही: आई एकदा जेवायला आली होती, तेव्हा नेव्हिल खिडकीबाहेर बघत बसला होता सगळा वेळ. मला वाटलं, पाऊस बघतोय. चहा टाकू?

डॉट: टाक. साखर दोन. आज काही बोलू नकोस.

आयव्ही: कियामाला गाडी जाते, डॉट. कोरलकडे एक पलंग जास्तीचा आहे.

डॉट: येईन की. शनिवार सोडून. आता मी मानधनवाली बाई झाले. व्हेलाला दिवा फिरवायला शिकवेन, त्यात काय आहे? तीन खोकले ऐकले की निघायचं. पडदा मात्र जाडा लागतो.

आयव्ही: शिकेल ती. हुशार दिसते.

डॉट: वरच्या दिव्याचं काही नाही गं. सकाळचं काय करायचं ते बघते मी. तुझ्या या स्वयंपाकघरातला दिवा लागला की मी उठते. इतकी वर्षं घड्याळ लावलं नाही.

आयव्ही: अगं वेडे, मी तर तुझा लागला की उठते.